दुधाच्या हौदातली बियर

"गार ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की तिला घाई होते."

साइमी हे बियरबद्दल म्हणाली होती. राइलीला मात्र पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं की सासू आपल्याबद्दलच बोलली. लग्न होऊन ती अल्होलाच्या शेतघरात आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात तिने कॅनचं झाकण उचलून आत डोकावलं होतं. आत तपकिरी फेस झोपेत कूस बदलावी तसा हलत होता. साइमी मागे कधी येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. साइमीने तिच्या हातातून झाकण घेतलं, होतं तसं अलगद टेकवलं, ते एक वाक्य बोलली आणि गायींकडे निघून गेली.

राइली कोत्काची. बंदरावर वाढलेली, दुकानाच्या काउंटरमागे उभी राहिलेली मुलगी. तिला सगळं उघडून बघायची खोड होती. ओव्हनमधला पाव ती तीनदा बघायची आणि तो तीनदा बसायचा. घरात सगळे गप्प असले तर तिला वाटायचं, कुणीतरी आजारी आहे. आणि तिला सासू मिळाली साइमी.

साइमीचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, आयुष्यभर पाण्याची बादली त्याच हाताने वाहिल्यामुळे. नवरा युद्धावर गेला आणि परतला नाही तेव्हा पदरात दोन मुलं होती, गोठ्यात आठ गायी होत्या. ती शोकात बसली नाही असं गावातल्या बायका सांगत. काही कौतुकाने सांगत, काही नाक मुरडून. गायींना दोन वेळा धारा काढून हव्या असतात, त्यामुळे बसायला वेळ नव्हता, एवढंच तिचं म्हणणं. तेही कुणीतरी फारच खोदून विचारल्यावर. युद्ध संपल्यावर ज्यांचे नवरे परतले त्यांच्या घरी स्वागताला जी बियर गेली, ती सगळी साइमीनेच गाळलेली होती. त्या कॅनांबरोबर ती स्वतः एकाही घरी गेली नाही.

तिच्या बियरला तलावाच्या पूर्व काठावर मान होता. धान्य ती स्वतःच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वाळवायची. लाकडाच्या कोरलेल्या दोणीत तळाशी जुनिपरच्या फांद्या अंथरायची आणि भिजलेलं धान्य त्यावरून सबंध दिवस गाळत बसायची. यीस्ट पडल्यावर बियर पहिली रात्र सौनाच्या ओसरीत उबेला राही आणि दुसऱ्या दिवसापासून गारव्याला. गारवा म्हणजे दूधघरातला सिमेंटचा हौद. विहिरीचं पाणी पंपाने त्यात यायचं, त्यात दुधाचे कॅन रात्रभर उभे असायचे, आणि सणासुदीला त्यांच्याच शेजारी तसल्याच कॅनमध्ये बियर. दुधाच्या कॅनचं झाकण ठोकून बसवलेलं, बियरच्या कॅनचं नुसतं टेकवलेलं, कारण तिला श्वास घ्यावा लागतो. ती तापली तर तिला रंगाच्या डब्यासारखा वास येतो आणि पिणाऱ्याचं डोकं दोन दिवस ठणकतं. नीट गार राहिली तर मात्र तिचा वास वेगळाच.

"केळ्यासारखा वास येतोय, आई," राइली पहिल्यांदा म्हणाली होती. कोत्काला जहाजांतून केळी यायची. साइमीने त्या दिवसापर्यंत केळं बघितलेलंही नव्हतं. राइलीने पुढच्या खेपेला माहेराहून एक आणलं. साइमीने सालासकट हुंगलं, अर्धं खाल्लं, उरलेलं मुलाला, ताउनोला दिलं.

"केळ्याला बियरचा वास येतो," ती म्हणाली.

घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नवीन बियर काढली की पहिला घोट साइमीचा. ती बोलली तर समजायचं, काहीतरी बिनसलं. "जुनिपर जास्त झालं," किंवा "पाणी कडक होतं," किंवा नुसतं "हं, ठीक आहे," आणि हे 'ठीक आहे' सगळ्यांत वाईट. बियर जशी हवी तशी उतरली असेल तर ती भांडं खाली ठेवायची आणि बाहेर पडायची. सात वर्षांत राइलीने तिला असं न बोलता बाहेर पडताना फक्त चारदा पाहिलं होतं. आणि त्या सात वर्षांत साइमीने सुनेला बियरला हात लावू दिला नव्हता. दोणी घासायला द्यायची, फांद्या तोडून आणायला सांगायची. त्यापुढे नाही.

मग त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला ती सौनाच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या शनिवारी, रात्री उशिरापर्यंत ऊन असतं त्या दिवसांत, इर्याचं लग्न ठरलेलं होतं. इर्या साइमीची धाकटी, आणि नवरा मुलगा पाइयान्ने तलावाच्या पलीकडच्या काठावरचा. त्याची आईही बियर करणारी. साखरपुड्याला ती बाई हसत हसत म्हणून गेली होती, "पूर्व काठाची बियर हिवाळ्यात चांगली असते हो. उन्हाळ्यात जरा घाई करते." घरी येईपर्यंत नावेत साइमीने एकदाही वल्हं दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

आता तिचा हात प्लास्टरमध्ये होता, आणि वर ऊन असं पडलेलं की बर्चची पानं दुपारी लोंबायला लागत. साठ माणसं जेवायला. बियर बाहेरून आणायची म्हणजे पलीकडच्या काठाला हसायला कारण द्यायचं.

"तू करशील," साइमी सुनेला म्हणाली. "मी बसते."

आणि ती खरंच बसली. दोणीच्या बाजूला खुर्ची टाकून अख्खा दिवस. राइली गरम पाणी ओतत होती, साइमी धारेकडे बघत होती. "थांब." "आता." "थांब." एवढेच तीन शब्द. संध्याकाळी चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन भरले. दुसऱ्या दिवशी ते हौदात गेले, खिडकीच्या बाजूला, नेहमीच्या जागी. साइमी म्हणाली, "आता तुझ्या ताब्यात," आणि दूधघरात पाऊल टाकायचं तिने सोडून दिलं.

राइली दिवसातून सहा वेळा पाणी बदलायची. कॅनच्या डोक्यावर ओली गोणपाटं टाकायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. झाकणाला तिने हात लावला नाही. पण कॅनच्या पोटाला तळवा लावून बघायला कुणी मनाई केली नव्हती, आणि सोमवारी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की दोनातला एक कॅन दुसऱ्यापेक्षा कोमट आहे. आतली खळबळ पत्र्यातून हाताला लागत होती. पंपाचं पाणी हौदात पडतं ती जागा सगळ्यांत गार. तिथे दुधाचे दोन कॅन उभे होते. राइलीने त्यातला एक ओढून खिडकीकडे सरकवला आणि त्याच्या जागी आपला कोमट कॅन आणून ठेवला. कंबर धरली. पण झोपताना तिला बरं वाटत होतं. आपण होऊन काहीतरी शहाणपणाचं केल्यावर वाटतं तसं.

ताउनो बारा वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी पंपाजवळचे दोन कॅन उचलून हातगाडीवर घालत आला होता आणि रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यावर नेऊन ठेवत आला होता. त्याही सकाळी त्याने तेच केलं. एका कॅनचं झाकण सैल होतं. बायकोची नेहमीची धांदल, असं मनात म्हणत त्याने ते मुठीने दोनदा ठोकून घट्ट बसवलं.

अकराच्या सुमाराला दुधाची गाडी अंगणात शिरली. ती कधी अंगणात येत नसे. ड्रायव्हर नेस्तोरी खाली उतरला. त्याच्या शर्टावर, भुवयांवर, टोपीवर वाळलेला तपकिरी फेस होता.

"धाकट्या मालकीणबाई," तो म्हणाला, "तुमच्या एका गाईला विचारायला आलोय, तू काय खातेस म्हणून."

राइलीला आधी कळलंच नाही.

"शाळेच्या वळणावर तोफ उडाली. झाकण कुठे गेलं म्हणता? शाळेच्या छपरावर. मास्तर बाहेर आले, म्हणाले पुन्हा युद्ध लागलं का!" त्याने गाडीची मागची फळी खाली पाडली. उघडा कॅन उन्हात तळपत होता, जेमतेम अर्ध्याच्या वर भरलेला.

"बाकीचं?"

"सांडलं."

"सगळं सांडलं?"

"थोडं मी सांडू दिलं नाही," नेस्तोरी टोपी काढून म्हणाला. "म्हातारीला सांगू नका. उमदी आहे हो. गरम आहे, पण उमदी आहे."

ताउनो धावत आला. गाडीकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग दूधघरात जाऊन आला. खिडकीजवळ दुधाचा कॅन रात्रीपासून तसाच होता. पाणी तिकडे पोचेपर्यंत कोमट होतं, आणि दूध नासायला लागलं होतं.

"तू हलवलास?"

"तिकडे गार होतं."

"मला सांगायचंस ना!"

"तुम्हाला बघता येत नाही का? दूध आणि बियर!"

"झाकण लावल्यावर सगळं सारखंच असतं, राइली!"

नेस्तोरी टोपी डोक्यावर चढवून हळूच निघाला.

साइमी आणि इर्या शिंपिणीकडे गेल्या होत्या, संध्याकाळच्या बसने येणार होत्या. ताउनो आवाज खाली आणून म्हणाला, "आईला लग्न होईपर्यंत सांगू नकोस. नवीन झाकण मी आणतो. दोन्ही कॅन सारखे करून टाक. अर्धं इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. कुणाला कळतंय?"

राइलीने मोठं पातेलं आणलं, लांब दांड्याचा डाव आणला. उन्हात तापलेला, तीन तास खडखडत फिरलेला कॅन तिच्यासमोर होता. त्याला रंगाच्या डब्याचा वास येतो का हे तिने हुंगून बघितलं. येत होता, थोडा. नाही म्हणता येणार नाही इतका. मिसळला तर साठ माणसांत वाटला जाईल, कुणालाच धड कळणार नाही. पण पलीकडच्या काठावरची ती बाई भांडं खाली ठेवेल, हसेल, आणि साइमीला ते या वेळी आपल्याच अंगणात बघावं लागेल.

मिसळायचं म्हणजे चांगल्या कॅनचं झाकण उचलावं लागणार होतं. तिने डाव खिळ्याला परत टांगला.

बस संध्याकाळी सहाला आली. इर्या पोशाखाचं खोकं घेऊन आत पळाली. साइमी अंगणात टेकली, बूट काढायला तिला एका हाताने वेळ लागत होता. राइलीने खाली बसून बूट काढले आणि तिथेच, मान वर न करता, सगळं सांगितलं. जागा बदलली ते, झाकण, शाळेचं छप्पर. ताउनो दारात उभा राहून खांबावरचा रंग नखाने खरवडत होता.

साइमी बोलायला लागली. एवढं ती महिन्यात बोलत नसे.

"पाणी पडतं तिथे ठेवलास. जागा बरोबर होती. मीही तिथेच ठेवला असता. पण मी ताउनोच्या कानाला धरून त्याला आणून दाखवलं असतं. पुरुषांना जागा कळते, वस्तू कळत नाही. याचा बाप मी टोपी खुंटी बदलून टांगली की टोपी हरवली म्हणून ओरडायचा. अठरा वर्षं हा दोन पावलं आणि डावीकडे एवढंच करतोय. तिथे पाद्रीबाबा उभे असते तरी याने त्यांना डेअरीला पाठवलं असतं."

"झाकण ठोकून," इर्या आतून म्हणाली.

"तू गप्प. तुझं लग्न आहे." साइमीने सुनेकडे बघितलं. "मिसळलंस?"

"नाही."

"का?"

"झाकण उचलावं लागलं असतं."

साइमीने काढलेले बूट पायाने बाजूला सारले. मग म्हणाली, "साठ माणसांना एक कॅन पुरत नाही. अर्धा जगवावा लागेल. माझ्या हातात काही नाही." तिने प्लास्टर वर करून दाखवलं. "तूच बघ."

गोठ्यामागे भुशाच्या ढिगाखाली मार्चमध्ये तलावातून कापून आणलेला बर्फ होता. दर उन्हाळ्यात तो दुधासाठी असे आणि त्या वर्षी जूनमध्येच ढीग गुडघ्याएवढा झाला होता. राइलीने फावडं घेतलं. ताउनो तिच्यामागे गेला.

"तो संपला तर दूध दुसऱ्या प्रतीचं ठरेल. आठवडाभर."

अंगणातून साइमीचा आवाज आला. "आणि बहिणीचं लग्न? ते दुसऱ्या प्रतीचं चालेल?"

ताउनोने फावडं बायकोच्या हातातून घेतलं आणि स्वतः खणायला लागला.

अर्धा कॅन त्यांनी बर्फाच्या ढिगातच पुरला, गळ्यापर्यंत, नवीन झाकण टेकवून. वरून भुसा, भुशावर ओली गोणपाटं. नासायला टेकलेल्या दुधाचं राइलीने त्याच रात्री अंडी घालून चीज केलं, नऊ मोठ्या परड्या. चुलीवर फडकी लटकत होती आणि खिडकीबाहेर ऊन मावळायचं नाव घेत नव्हतं. निदान लग्नात चीज कमी पडणार नव्हतं.

बुधवारी ती चारदा बर्फाकडे गेली. गुरुवारी पाचदा. प्रत्येक वेळी भुसा नीट करायची, गोणपाटं भिजवायची, आणि हात मागे बांधून उभी राहायची. चांगल्या कॅनमधून कान लावला की अजून सुरसुर ऐकू यायची. पुरलेल्यातून काहीच नाही. शुक्रवारी तिला राहवलं नाही.

"आई, ऐकायलाही बंदी आहे का?"

"ऐकायला हरकत नाही. उत्तर देऊ नकोस."

"त्यातून काही ऐकूच येत नाही. मेली असेल तर?"

साइमी ओट्यावर बसून एका हाताने बर्चच्या डहाळ्या निवडत होती, दाराला बांधायच्या. "झोपलेलं माणूसही बोलत नाही," ती म्हणाली. "तू कोत्कापासून कधी झोपलेलं माणूस बघितलंच नाहीस की काय? सगळे सारखे बोलतच असतात वाटतं तिकडे."

राइलीला हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की सासू आजकाल तिच्याशी बोलते. बोलते म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असणार, हा नियम सात वर्षं तिने पाठ केलेला होता. त्यामुळे हसू अर्ध्यावरच थांबलं.

शनिवारी सकाळी दोन्ही कॅन दूधघरात आणले. दाराशी बर्चची दोन कोवळी झाडं बांधली होती, आत जुनिपरचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. साइमी काळा पोशाख घालून आली. प्लास्टरवर तिने पांढरा कफ शिवून घेतला होता. दोन कानांचं लाकडी भांडं डाव्या हातात होतं. ताउनो दारात उभा राहून पुन्हा खांब खरवडत होता. बाहेर इर्याच्या मैत्रिणींचा गलका होता, आणि तलावाकडून नावेच्या इंजिनाची टकटक येत होती. पलीकडचा काठ निघाला होता.

राइलीने चांगल्या कॅनचं झाकण उचललं. दहा दिवसांत पहिल्यांदा. भांडं भरून दिलं. साइमीने घोट घेतला, तोंडात फिरवला.

"अजून पोर आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मोठी होईल. ही शेवटी द्यायची."

म्हणजे ती बोलली. राइलीने मान खाली घातली. जी चांगली होती तिची ही गत; आता उरली ती रस्त्यावरून फिरून आलेली. तिला वाटलं, दुसरं झाकण उघडूच नये. नाव काठाला लागेल, माणसं येतील, सरळ ओतायला सुरुवात करावी.

"उघड," साइमी म्हणाली.

पुरलेल्या कॅनच्या अंगावर भुसा चिकटलेला होता. राइलीने झाकण उचललं. आत फेस नव्हता. बियर स्थिर होती, गडद, एवढी स्वच्छ की वाकणाऱ्याचा चेहरा दिसत होता. सगळा गाळ तळाशी बसला होता. तिने तळ न ढवळता वरचीच भरली. भांडं हातात इतकं गार लागलं की बोटं बधिर झाली.

साइमीने आधी हुंगलं. बराच वेळ. डोळे मिटलेले नव्हते. ती खिडकीतून पंपाकडे बघत होती. मग एक घोट. राइली तिच्या ओठांकडे बघत होती, ते आता हलतील म्हणून. ताउनोने खांबावरचं नख थांबवलं.

साइमीने दुसरा घोट घेतला. यापूर्वीच्या चारही वेळी तिने एकच घेतला होता.

तिने पांढऱ्या कफने ओठ पुसले. भांडं राइलीच्या हातात दिलं, तिची बधिर बोटं त्याच्याभोवती नीट वळेपर्यंत आपला हात तसाच ठेवला. मग ताउनोला खांद्याने बाजूला सारून, बर्चच्या दोन झाडांमधून, ती बाहेर उन्हात निघून गेली.